घाट चढण्याची तयारी होते, उतरण्याची कधी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की घाटातल्या धावण्याच्या शर्यतींच्या बातम्या आपल्या पानांवर येऊ लागतात. किती जण धावले, पहिले कोण आले, कोणत्या वयोगटात कोणाला पदक मिळाले, हे सगळे त्यांत असते. या शर्यतीत उतरणाऱ्यांपैकी पुष्कळांचे खरे लक्ष्य जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन असते आणि घाट ही त्यांना तिच्या तयारीची पायरी वाटते. ते योग्यच आहे. मात्र या तयारीत दरवर्षी एकच उणीव दिसते. आठवड्यातून एकदा चढावर धावणे बहुतेक रनिंग ग्रुपच्या वेळापत्रकात असते, उतारावर धावणे जवळजवळ कोणाच्याच नसते. शर्यतीनंतरचे दुखणे, बुडालेले तीन-चार आठवडे आणि पुढे मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात बसणारे पाय, यांचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. सातारा आणि पुणे भागातील धावकांना मार्गदर्शन करणारे आम्ही काही जण हे पत्र त्यासाठीच लिहीत आहोत.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचेच उदाहरण घेऊ. २०१२ पासून ही शर्यत होते आणि २०१५ मध्ये एका डोंगरावर सर्वाधिक लोक धावल्याची गिनेसची नोंदही तिच्या नावावर झाली. शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर वळायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. अंतर २१.१ किलोमीटर, चढ तीनशे मीटरहून अधिक आणि तेवढाच उतार. सगळ्यांच्या बोलण्यात पहिला अर्धा भाग असतो. पायांचे नुकसान दुसऱ्या अर्ध्या भागात होते.

त्याचे कारण स्नायूंच्या कामाच्या पद्धतीत आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत, म्हणजे आकाराने लहान होत जोर लावतो. उतरताना पाऊल टेकते तेव्हा तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जातानाच त्याला शरीराचा भार तोलून धरावा लागतो. या ताणाखालच्या कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. धावताना त्या जाणवत नाहीत, उलट दम कमी लागतो म्हणून पाय मोकळे झाल्यासारखे वाटतात. दुखणे दुसऱ्या दिवशी सुरू होते, २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते आणि मग जिन्याच्या पायऱ्या उतरणे अवघड होते. दुखणे थांबले म्हणजे ताकद परतली असेही नाही. ती भरून यायला दुखण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. बुधवारी पाय दुखायचे थांबले म्हणून रविवारी २४ किलोमीटरचा लाँग रन करणारे धावक गुडघ्याची किंवा नडगीची तक्रार घेऊन येतात, ते याचमुळे.

दिलासा असा की याच इजेतून स्नायू फार लवकर शिकतात. उताराचे एक हलके सत्र झाले की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने होणारी इजा बरीच कमी होते आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. व्यायामाच्या शास्त्रात इतक्या थोड्या कष्टात इतका फायदा देणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत. तो फायदा आपले ग्रुप घेत नाहीत, याची हळहळ वाटते.

उताराचा सराव कसा करावा, ते आता नेमके सांगतो. ज्यांचे किमान आठ आठवडे सलग, आठवड्याला २५ ते ३० किलोमीटरचे आरामशीर धावणे झाले आहे, त्यांनीच तो सुरू करावा. सुरुवात शेकडा ३ ते ४ इतक्या सौम्य उतारावर करायची. शंभर मीटर अंतरात तीन-चार मीटर खाली जाणारा रस्ता म्हणजे शेकडा ३ ते ४. डोळ्यांनी हा अंदाज नेहमी चुकतो आणि उतार असतो त्यापेक्षा तीव्र वाटतो. म्हणून मोबाइलवरील नकाशात सुरुवातीची आणि शेवटची उंची पाहून भागाकार करावा. शक्य तर मातीचा टणक रस्ता निवडावा. पहिल्या वेळी शंभर मीटरचे फक्त चार फेरे, वेग नेहमीच्या आरामशीर धावण्याहून थोडा जास्त, वर परतताना चालत. एवढेच करून त्या दिवशी घरी जावे. अजून दहा फेरे सहज झाले असते असे वाटेल, तरीही करू नयेत, कारण हिशेब दुसऱ्या दिवशी लागतो. हे सत्र आठ-दहा दिवसांतून एकदाच ठेवावे. दुसऱ्या वेळी दोनशे मीटरचे चार, तिसऱ्या वेळी सहा, मग शेकडा ५ च्या उतारावर चारशे मीटरचे चार आणि शेवटी सहा. पाच-सहा सत्रांत, म्हणजे दीड-पावणेदोन महिन्यांत, घाट उतरण्याइतके पाय तयार होतात. शेवटचे जोरदार सत्र शर्यतीच्या दोन आठवडे आधी संपलेले हवे. ते फार अलीकडे घेतले तर इजा भरून येत नाही, महिन्याहून आधी घेतले तर संरक्षण ओसरू लागते.

उतरण्याच्या तंत्राबद्दल एक सूचना सर्वांत महत्त्वाची. पाऊल शरीराच्या पुढे लांब टाकून टाचेने ब्रेक लावू नका. घाबरलेला धावक मागे झुकतो, पाय लांब टाकतो आणि गुडघा जवळजवळ सरळ ठेवून टाच आपटतो. सगळा धक्का गुडघ्यात आणि मांडीच्या पुढच्या भागात जातो. वेग आवरायचा असेल तर पावले लहान आणि जलद करावीत. सपाटीवर मिनिटाला १६५ ते १७० पावले पडत असतील तर उतारावर ती १७५ ते १८० व्हायला हवीत. अंग रस्त्याच्या उताराला साधारण काटकोनात, म्हणजे किंचित पुढे, गुडघे थोडे वाकलेले, कोपरे तोल सांभाळायला बाहेर, आणि नजर आठ-दहा मीटर पुढे. पावलांचा आवाज ऐकावा. थपथप आवाज येत असेल तर पाय आपटत आहेत. प्रशिक्षकाने घाटाच्या वळणावर उभे राहून फक्त आवाज ऐकला तरी कोणाला काय सांगायचे ते त्याला कळते.

ज्यांच्या गावात उतारच नाही त्यांनी पायरीचा व्यायाम करावा. १५ ते २० सेंटीमीटर उंचीच्या पायरीवर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाची टाच सावकाश, मनात तीन मोजत, खाली टेकवायची आणि पुन्हा वर यायचे. गुडघा आत वळू द्यायचा नाही, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. प्रत्येक पायाला दहा, असे तीन संच, आठवड्यातून दोनदा. त्याच पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाचा हळूहळू खाली सोडण्याचे पंधराचे तीन संच, त्यांतला एक गुडघे थोडे वाकवून. पोटरीचा खोलवरचा स्नायू त्याशिवाय तयार होत नाही, आणि घोट्यामागच्या शिरेची दुखणी चढाच्या सरावात बहुतेक तिथेच सुरू होतात. उड्डाणपुलांवर सराव करणाऱ्यांनी पहाटेच्या वाहनांचा धोका लक्षात घ्यावा. तिथल्या दोन-तीनशे मीटर उतारासाठी जिवावर उदार होण्यापेक्षा पायरी बरी.

आता चढ. याविषयी ग्रुपमध्ये बरेच ज्ञान आहे, म्हणून थोडक्यात. आपले घाटरस्ते बांधताना डोंगराळ भागासाठी साधारण शेकडा ५ हा नेहमीचा आणि ६-७ हा कमाल चढ धरला जातो, त्यामुळे सरावासाठी शेकडा ५ ते ६ चा रस्ता पुरेसा आहे. ६० ते ७५ सेकंदांचे सहा फेरे, हळूहळू दहापर्यंत, खाली येताना सावकाश. तीन आठवड्यांनंतर तीन मिनिटांचे चार ते सहा फेरे. सगळ्या फेऱ्यांची वेळ सारखी यायला हवी. पहिला फेरा ६५ सेकंदांत आणि शेवटचा ७८ मध्ये होत असेल तर सुरुवात चुकली. शर्यतीत मात्र फेऱ्यांच्या जोराने चढायचे नसते. तिथे श्वास हाच निकष असतो. चढावर पाच-सहा शब्दांचे वाक्य सलग बोलता आले पाहिजे. ते जमत नसेल तर तीस सेकंद झपझप चालून पुन्हा धावावे. त्यात कमीपणा नाही आणि वेळही फारसा जात नाही. आणखी एक बारीक गोष्ट घाटात कामाची आहे. तीव्र वळणावर रस्त्याची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा बरीच चढी असते. आतून अंतर वाचते खरे, पण दमलेल्या धावकाने चढताना वळणाच्या मध्यभागातून जावे आणि उतरताना आतली कड टाळावी. तिथेच घोटे मुरगळतात, आणि पावसाळ्यात शेवाळही तिथेच धरते. हा सल्ला अर्थातच रस्ता वाहनांना बंद असेल तेव्हापुरता.

पुण्यात सिंहगडाची पाऊलवाट हाच मॅरेथॉनचा हिल सराव समजणारे पुष्कळ आहेत. आतकरवाडीतून गडावर जाणारी वाट तीन किलोमीटरच्याही आत सुमारे सहाशे मीटर चढते, म्हणजे सरासरी शेकडा २० च्या वर. एवढ्या चढावर क्वचितच कोणी धावतो, बहुतेक जण गुडघ्यांवर हात ठेवून भरभर चालतात. हृदयाला आणि पोटऱ्यांना तो व्यायाम उत्तम आहे, सह्याद्रीतल्या डोंगरवाटांच्या शर्यतींसाठी तर आवश्यकच आहे. पण रस्त्यावरच्या मॅरेथॉनला लागणारी ढांग त्यात घडत नाही, आणि ओल्या दगडांवरून उतरताना घाटरस्त्यासाठी लागणारे तंत्रही शिकता येत नाही. मॅरेथॉनसाठी धावता येईल असा चढ हवा. मुंबईकरांना राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता आणि ठाण्याचे येऊर, पुणेकरांना वेताळ टेकडीच्या सौम्य बाजू, कोल्हापूरकरांना पन्हाळ्याचा आणि जोतिबाचा रस्ता, नागपूरकरांना सेमिनरी हिल्स, पणजीकरांना आल्तिनो अशा जागा आहेत.

चढाच्या सरावाची जागा वेळापत्रकात कुठे असावी, याचे उत्तर न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी साठ वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. ऑकलंडमधील त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनुक्रमे ८०० आणि ५००० मीटरची सुवर्णपदके जिंकली, तर बॅरी मॅगी यांनी मॅरेथॉनचे कांस्य मिळवले. त्यांच्या पद्धतीत आधी लांब पल्ल्यांचा पाया, मग चार-सहा आठवडे टेकडीचा सराव आणि त्यानंतर वेगाचा सराव असा क्रम होता. टेकडी मधोमध येते. आपल्याकडे सुदैवाने हा क्रम ऋतूंनीच आखून दिला आहे. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. घाटातली शर्यत सप्टेंबरच्या मध्याला धरली तर मधे सुमारे अठरा आठवडे उरतात. जून-जुलैत पाया, ऑगस्टमध्ये चढ-उतार, सप्टेंबरमध्ये शर्यत आणि त्यापुढे मॅरेथॉनची खरी तयारी.

बिघाड होतो तो शर्यतीनंतरच्या पंधरवड्यात. पदकाच्या आनंदात पुढचाच रविवार लांब पल्ल्याला दिला जातो. आमचे म्हणणे असे. पहिले तीन दिवस फक्त चालणे. चौथ्या ते सातव्या दिवसात एक-दोनदा सपाटीवर पाच-सहा किलोमीटर, अगदी सावकाश. येणाऱ्या रविवारी दहाच्या वर नाही. त्यापुढच्या रविवारी चौदा ते सोळा. दोन आठवडे उतारावर पाय ठेवू नये. दरम्यान एक साधी चाचणी करावी. कठडा न धरता जिना सहज उतरता येतो का आणि एका पायावर दहा उड्या मारताना कुठे टोचते का, ते पाहावे. दोन्हींचे उत्तर समाधानकारक असेल तेव्हाच वेगाचा सराव सुरू करावा. यात दोन आठवडे गेले तरी सोळा उरतात, आणि मॅरेथॉनच्या तयारीला सोळा आठवडे पुरेसे आहेत.

दुसरी चूक कागदावरची आहे. घाटातल्या शर्यतीची वेळ दुप्पट करून त्यात दहा-पंधरा मिनिटे मिळवायची आणि तेच मुंबईचे लक्ष्य ठरवायचे, हा हिशेब चालत नाही. ढोबळ मानाने शेकडा १ चढाला किलोमीटरमागे ८ सेकंद जातात आणि तेवढ्याच उताराला फक्त ५ सेकंद परत मिळतात. सपाटीवर किलोमीटरला ६ मिनिटे घेणारा धावक शेकडा ५ च्या घाटात तेवढ्याच श्रमात ६ मिनिटे ४० सेकंद घेईल आणि उतरताना ५ मिनिटे ३५ सेकंद. म्हणजे एक किलोमीटर चढून तोच उतरला की १५ सेकंदांचा तोटा. चढावर ६ मिनिटे टिकवायचा हट्ट धरणारा धावक वळण्याच्या जागेपर्यंतच रिकामा होतो. शिवाय मनगटावरच्या घड्याळाचा क्षणाक्षणाचा वेग घाटाच्या वळणांत आणि धुक्यात विश्वासाचा नसतो, म्हणून किलोमीटरच्या पाट्यांवर आणि श्वासावर भरवसा ठेवावा. मॅरेथॉनचे लक्ष्य ठरवायला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सपाट मार्गावरची एखादी अर्धमॅरेथॉन जोर लावून धावावी, तीच वेळ खरी.

मग घाटाचा मुंबईला उपयोग काय? मार्गात अधूनमधून बदल होत असतात, पण परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ मुंबई धावलेल्या बहुतेकांना आठवतो. पस्तीसेक किलोमीटर झालेले, ऊन वर आलेले, हवेत समुद्राचा दमटपणा, आणि समोर सुमारे किलोमीटरभराचा चढ. तो चढ स्वतः काही मोठा नाही, यवतेश्वरच्या घाटापुढे किरकोळच. पण पेटके चढावर कमी आणि माथ्यानंतर चौपाटीकडे उतरताना जास्त येतात. दमलेल्या मांड्यांना तिथे अचानक ब्रेकचे काम करावे लागते. सप्टेंबरमध्ये कमावलेले पाय जानेवारीपर्यंत टिकवायचे तर उताराची उजळणी अधूनमधून हवी. ऑक्टोबरपासून दोन-तीन आठवड्यांतून एकदा लाँग रनच्या शेवटच्या भागात चढ-उतार घालावा. ऑक्टोबरमध्ये १८ ते २२, नोव्हेंबरमध्ये २४ ते २८, डिसेंबरमध्ये ३० ते ३२ किलोमीटर असे लांब पल्ले वाढवत न्यावेत आणि दर चौथ्या आठवड्यात एकूण अंतर पाव ते तृतीयांशाने उतरवावे. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातील ३० किलोमीटरच्या रनमध्ये शेवटच्या सहा किलोमीटरांत किलोमीटरभराचा एक चढ दोनदा यावा, आणि दोन्ही वेळा उतार मॅरेथॉनच्या वेगाने धावावा. हे एक सत्र पेडर रोडची सगळी भीती घालवते. शर्यतीच्या तीन आठवडे आधी शेवटचा लांब पल्ला आणि शेवटचा उतार. त्यानंतर जानेवारीत घाट नको.

परदेशी शर्यतींना जाणाऱ्या मराठी धावकांची संख्या वाढते आहे, त्यांच्यासाठीही एक गोष्ट. बॉस्टन मॅरेथॉनचा मार्ग हॉपकिंटन या सुरुवातीच्या गावापासून एकूण उतरताच आहे. तिथला प्रसिद्ध हार्टब्रेक हिल साधारण ३३ व्या किलोमीटरला येतो, पण अनेकांचे पाय त्याआधीच्या उतारांनी खर्च झालेले असतात. दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स ही शर्यत १९२१ पासून होते. पीटरमॅरिट्झबर्ग ते डर्बन ही सुमारे नव्वद किलोमीटरची वाट आलटून पालटून एका वर्षी चढत्या आणि दुसऱ्या वर्षी उतरत्या दिशेने धावली जाते. ‘डाऊन रन’ आहे म्हणून सोपी, असे समजून नाव नोंदवणाऱ्यांनी फील्ड्स हिलचा विचार करावा. तो लांब उतार शेवटच्या तिसऱ्या भागात येतो, मांड्या साठ किलोमीटर धावून झालेल्या असताना. अशा शर्यतीसाठी उताराचा सराव महिन्यांच्या हिशेबाने करावा लागतो.

बुटांविषयी दोन वाक्ये. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो आणि नखे काळी पडतात. म्हणून अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेला बूट घ्यावा, नखे दोन दिवस आधी कापावीत आणि बुटाच्या शेवटच्या जादा भोकातून नाडीचा फास करून टाच घट्ट बसवावी. पावसाळ्यात सुती मोजे घालू नयेत. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले असताना अतिशय निसरडे होतात, उतारावर त्यांवर पाऊल टाकू नये.

पाण्याचेही असेच. घाटात हवा थंड आणि धुके असते, घाम कमी जातो, तरी प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पिणारे दिसतात. गरजेपेक्षा जास्त पाण्याने रक्तातील सोडियम उतरते, आणि ते जिवावर बेतू शकते. तहानेनुसार घोट घोट प्यावे. शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. उताराने झिजलेल्या स्नायूंचे द्रव्य मूत्रपिंडांतून बाहेर पडत असते, त्यात पाणी कमी आणि वर ही गोळी म्हणजे मूत्रपिंडांवर दुहेरी भार. शर्यतीनंतर लघवी चहाच्या रंगाची झाली, मांड्या सुजून कडक झाल्या, तर विश्रांतीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावे.

यापुढचे म्हणणे ग्रुप आणि आयोजकांसाठी. ब्रिटनमध्ये डोंगरावरच्या क्लब शर्यतींची परंपरा जुनी आहे आणि तिथल्या ‘फेल रनर्स असोसिएशन’ने (‘फेल’ म्हणजे डोंगर) त्यांची वर्गवारी चढाच्या प्रमाणावर ठेवली आहे. किलोमीटरमागे सरासरी किमान ५० मीटर चढ असेल तर अ वर्ग, २५ असेल तर ब, २० असेल तर क, आणि अंतरानुसार लहान, मध्यम, लांब असे उपवर्ग. नाव नोंदवतानाच धावकाला कळते की आपण कशात उतरतो आहोत. आपल्याकडे ‘हिल’, ‘घाट’, ‘फोर्ट’ अशी नावे असलेल्या शर्यतींच्या पत्रकात अंतर असते, टी-शर्टचा रंग असतो, पण एकूण चढ, एकूण उतार आणि सर्वांत तीव्र किलोमीटर कोणता, हे क्वचितच असते. हे तीन आकडे छापायला काहीच खर्च येत नाही.

ब्रिटनमधला दुसरा नियम आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला, वाटेतील प्रत्येक चौकीवर आणि शेवटी धावक मोजले जातात, आणि शर्यत अर्धवट सोडणाऱ्याने स्वतः येऊन तसे सांगितलेच पाहिजे, थेट घरी जायचे नाही. धुक्याने भरलेल्या घाटात, जिथे मोबाइलचे नेटवर्क मधेच तुटते, हा नियम आपल्यालाही लागू पडतो. मोठ्या शर्यतींत बुटावरची किंवा क्रमांकावरची चिप हे काम करते. पंचवीस-तीस जणांच्या रविवारच्या ग्रुपमध्ये ते वही-पेनाने करावे लागते. निघताना नावे लिहावीत, वर पोहोचल्यावर खूण करावी, खाली आल्यावर पुन्हा करावी. सर्वांत मागे एक अनुभवी धावक असावा आणि त्याने कोणालाही मागे सोडून पुढे जायचे नाही.

सरावाच्या दिवशी रस्ता बंद नसतो, याचा विसर पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कासची फुले पाहायला येणाऱ्या गाड्यांनी सकाळी आठनंतर यवतेश्वरचा हाच घाट भरतो. म्हणून साडेपाचला सुरुवात आणि आठच्या आत खाली, ही शिस्त पाळावी. अंधारात डोक्यावर दिवा आणि अंगात चमकणारे जाकीट हवे. समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून उजव्या बाजूने, एकामागे एक धावावे. डोंगराची भिंत उजवीकडे असलेल्या आंधळ्या वळणावर मात्र गाडीचालकाला तुम्ही अगदी शेवटच्या क्षणी दिसता. अशा वळणाच्या तीस-चाळीस मीटर आधी थांबून, दोन्हीकडे पाहून बाहेरच्या बाजूला जावे. कानांत हेडफोन नकोत. मुसळधार पावसानंतरच्या दोन दिवसांत दरडीच्या जागी सराव ठेवू नये, त्या जागा स्थानिकांना पक्क्या माहीत असतात, त्यांना विचारावे.

शर्यतीच्या दिवशी आयोजक बहुतेक स्वयंसेवक चढाच्या टप्प्यावर ठेवतात, कारण तिथे दमलेली माणसे दिसतात आणि टाळ्या वाजवायला मजा येते. पडझड मात्र उतरताना, वळणांवर होते, विशेषतः वर जाणारे आणि खाली येणारे धावक एकाच रस्त्यावर असताना. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या मधे दोरी किंवा शंकू हवेत, तीव्र वळणांच्या आतल्या कडेवरचे शेवाळ आणि खडी आदल्या दिवशी झाडलेली हवी, आणि उताराच्या मध्यावर प्रथमोपचाराचे एक पथक हवे. १०८ ची रुग्णवाहिका फक्त मैदानावर उभी करून भागत नाही, परतीच्या धावकांनी भरलेल्या घाटात ती खालून वर चढवायला वेळ लागतो. एक गाडी घाटमाथ्यावर ठेवावी, आणि शेवटच्या धावकाची खाली पोहोचल्याची नोंद होईपर्यंत ती तिथून हलवू नये.

आपले,
धावक गटांचे काही मार्गदर्शक,
सातारा व पुणे